आधी मागं हात लावा

लोक कुणाच्या घरी गेले की आधी खुर्ची शोधतात, नाहीतर भिंतीवरचे फोटो बघतात. आमचे भाऊ आधी फ्रिजच्या मागे हात घालायचे.

माझ्याकडे खोली बघायला आले तेव्हाही तेच. मी सांगत होते की जिना बाहेरून आहे, नळ दिवसाआड येतो, वरची खोली उन्हाळ्यात तापते. हे कुठे ऐकतात. सरळ स्वयंपाकघरात शिरले, फ्रिज भिंतीपासून वीतभर पुढे ओढला, मागे उलटा हात लावला आणि डोळे मिटून उभे राहिले. डॉक्टर छाती तपासतो तसे.

"काय झालं?" मी घाबरून विचारलं.

"चांगला हाये. मागं गरम हाये म्हणजे पुढं थंड हाये. पण भितीले चिकटवून ठेवू नका, ताई. त्यालेही श्वास लागते."

एवढं बोलून खोली न बघताच हो म्हणाले. पुढे अकरा वर्षं राहिले. नात्यागोत्याचे नव्हते, जातीपातीचे नव्हते. पहिल्या दिवशी मी जयभीम म्हटलं, त्यांनीही जयभीम म्हटलं, आणि तेव्हापासून मी ताई आणि ते भाऊ.

भाऊ आमच्या पांढरकवड्यातच एका कॉलेजात प्रयोगशाळेचे परिचर होते. म्हणजे प्रोफेसर शिकवणार आणि भाऊ सामान मांडणार. काचेच्या नळ्या धुवायच्या, वायरी जोडायच्या, मुलांनी बिघडवलेलं दुरुस्त करायचं. पस्तीस वर्षं हेच केलं. बायको लवकर गेली, मूलबाळ नव्हतं, रिटायर झाले आणि कॉलेजजवळची खोली सोडून माझ्याकडे आले. सामान काय, तर एक पलंग, एक स्टोव्ह आणि सात पेट्या वायरी.

त्यांची एक सवय मला फार उशिरा कळली. भाऊ कधी कुणाच्या समोर उभे राहत नसत. माझ्या ओट्याशी आले तरी डाव्या कोपऱ्याला उभे. लग्नाच्या फोटोत कडेला. बुद्ध जयंतीच्या दिवशी आमच्या विहारात चार शब्द बोला म्हणून आग्रह केला, तर माइकच्या बाजूला उभं राहून बोलले. कुणाला काही ऐकू आलं नाही. मी रागावले तर म्हणाले, "सवय नाई राह्यली, ताई. टेबलाच्या समोर सर उभे राह्यत. मी बाजूनं त्यांले चिमटा द्याचो." पस्तीस वर्षं माणूस बाजूला उभा राहिला तर त्याचे पायच तशी जागा शोधतात, दुसरं काय.

शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी थर्मामीटर असायचा. बाजारातून आले की लोक भाजीचा भाव सांगतात, हे सांगायचे, "बसस्टँडवर चव्वेचाळीस. वडाखाली एक्केचाळीस. ट्रकच्या बोनेटवर विचारूच नका." जिन्याच्या भिंतीवर खडूनं रोजचे आकडे लिहायचे. मी रंग द्यायला माणूस आणला तेव्हा तेवढा भिंतीचा तुकडा सोडून द्यावा लागला. भाऊ त्याच्यासमोर हात पसरून उभे होते. समोर उभे राहिलेले मी त्यांना तेव्हाच पहिल्यांदा पाहिलं.

आता त्या प्लेटचं सांगते, कारण भाऊ म्हटलं की गल्लीला तीच आठवते.

एकदा भर मे महिन्यात, दुपारी दोन वाजता, त्यांनी मला आणि माझ्या जाऊबाईंना अंगणात बोलावलं. हातात बिस्किटाएवढी पांढरी चपटी प्लेट, तिला दोन वायरी, खाली एक अॅल्युमिनियमचा ठोकळा पाण्यात ठेवलेला. प्लेटवर चमच्यानं एक थेंब पाणी टाकलं आणि बटण दाबलं. बाहेर ऊन असं की वाळत घातलेल्या कपड्यांना हात लावला तर चटका. आणि आमच्या डोळ्यांसमोर तो थेंब पांढरा झाला. नखानं टोकलं तर टक्क वाजला. बर्फ.

"याले पेल्टियर म्हणते," भाऊ म्हणाले. "वीज दिली का एक बाजू गार, एक बाजू गरम. ना गॅस, ना मोटर."

जाऊबाई म्हणाल्या, "एक थेंब बर्फ! सरबत कोण्या मुंगीले पाजता, भाऊ?"

भाऊ हसले. त्यांना चेष्टेचा राग येत नसे. पण डोक्यात त्यांच्या सरबत नव्हतंच, कॉम्प्युटर होता.

कॉलेजनं एक जुना कॉम्प्युटर भंगारात काढला होता, तो भाऊंनी उचलून आणला होता. आता तो जुना, म्हणजे चालायला मंद. पण भाऊंचं म्हणणं, त्याच्या आतली जी मुख्य चिप असते, तिला कंपनीनं जेवढा वेग बांधून दिला त्याच्यापेक्षा जास्त पळवता येतं. फक्त ती तापते. तापली की स्वतःहून बंद पडते.

मी म्हटलं, "कंपनीनं बांधून देल्लं तं राहू द्या ना. कायले तिच्या जिवावर उठता?"

"ताई, शंकरपट पाह्यला ना तुमी? पटाचा बैल पळते तवा त्याच्या अंगातून वाफा निघते. तो पळू शकते, पण गरमी सहन होत नाई. त्याच्या पाठीवर कोणी ओला कपडा धरून पळालं तर? मी तो कपडा धरून राह्यलो."

झालं. एक वर्ष हेच चाललं. चिपेवर प्लेटची गार बाजू, प्लेटच्या गरम बाजूवर पाण्याचा ठोकळा, तिथून नळ्या खिडकीतून बाहेर, गच्चीत हायवेवरच्या भंगारातून आणलेलं कुठल्याशा गाडीचं रेडिएटर, त्याच्यावर पंखा, आणि पाणी फिरवायला कूलरची छोटी मोटर. खोलीत माणसाला बसायला जागा नाही. भाऊ स्वतः घामानं निथळलेले आणि चिप आपली गारेगार.

"इथं एखादा कूलर तरी लावा," मी म्हणायची.

"चिपेलेही आराम अन् मलेही आराम, मंग परीक्षा कोणाची?"

मधल्या काळात माझी एक अडचण झाली. मला साखरेचा आजार, रोज इन्सुलिनचं इंजेक्शन. उन्हाळ्यात लाइट गेली की फ्रिज बंद आणि औषध खराब व्हायची भीती. मी ते माठाला ओल्या फडक्यात बांधून ठेवत होते. भाऊंनी ते पाहिलं. दुसऱ्या दिवशी एक थर्माकोलचा डबा आणून दिला. एका अंगाला तीच बिस्किटासारखी प्लेट बसवलेली, मागे छोटा पंखा, खाली ट्रॅक्टरची जुनी बॅटरी.

"बर्फ नाई होणार," म्हणाले. "माठातल्या पाण्याएवढं गार राहीन. औषधाले तेवढं पुरे. रोज सकाळी आधी मागं हात लावा. मागं गरम लागलं तर समजा पुढं चालू हाये."

मी खूप वाखाणलं तर हात झटकले. "हे खेळणं हाये, ताई. खरं काम वर चालू हाये."

ते वरचं काम खरंच चालू लागलं. होळीनंतर हवा कोरडी झाली तशी त्यांची मशीन आठ-आठ दिवस बंद पडेना. वेग वाढवलेला, बाहेर चव्वेचाळीस, आणि चिप थंड. तेव्हा भाऊ कॉलेजात गेले, त्यांच्या खात्याच्या मॅडमना भेटायला. या मॅडम त्याच कॉलेजात शिकलेल्या. त्या विद्यार्थिनी होत्या तेव्हा भाऊच त्यांच्या टेबलावर सामान मांडून देत.

परत आले तेव्हा भाऊ जिन्यावरच बसले. मी पाणी दिलं.

"मॅडम म्हणाल्या, मे महिन्यात एक दिवस मी येते. बारा ते तीन, भर उन्हात, तुमची मशीन बंद न पडता चालली तर पुढच्या वर्षी मुलांचं एक प्रॅक्टिकल तुमी घ्या."

"घ्या म्हणजे?"

"म्हणजे मी शिकवीन. टेबलाच्या समोर उभं राहून." ग्लासातलं पाणी तसंच होतं. "अन् सामान दुसरा कोणी मांडीन."

तुम्हाला सांगते, माणसाला काय काय हवं असतं. कुणाला बंगला, कुणाला गाडी. यांना तीन फूट जागा हवी होती, टेबलाच्या या बाजूची नाही, त्या बाजूची.

मॅडम यायच्या दिवशी भाऊंनी पांढरा शर्ट घातला, खिशात दोन थर्मामीटर. अकराला मशीन सुरू केली आणि मॅडमना आणायला बसस्टँडवर गेले. कॉलेजला सुट्टी, म्हणून त्या यवतमाळहून बसनं येणार होत्या. जाताना मला म्हणाले, "ताई, फक्त लक्ष ठेवा. हात लावू नका."

मी हात लावला नाही. शपथ सांगते, त्या मशीनला मी बोटही लावलं नाही.

पण वर जाऊन बघते तर खोली म्हणजे भट्टी. एवढ्या लांबून बाई येणार, या खोलीत तीन तास बसणार? आणि ती मशीन, तिच्यावर भाऊंचं सगळं अवलंबून, ती बिचारी या गरमीत कशी टिकणार? आपल्याकडे पाहुणा येतो म्हटलं की आपण काय करतो? कूलर लावतो. मी माझा मोठा लोखंडी कूलर काढला. दूधवाला आणि समोरचा पंक्चरवाला, दोघांना धरून जिन्यानं वर चढवला. खालून जाऊबाई ओरडत होत्या, "हळू, हळू, नवरीची पालखी हाये ती!" खिडकीत बसवला, चार बादल्या पाणी भरलं. वाळ्याच्या पट्ट्या त्याच आठवड्यात नव्या लावल्या होत्या. सुरू केला आणि हवेचं तोंड बरोबर त्या मशीनकडे वळवलं, कारण अंग तिचंच तापत होतं. मग खाली येऊन कैरीचं पन्हं केलं.

पाऊण तासानं भाऊ मॅडमना घेऊन आले. मी ट्रे घेऊन त्यांच्या मागोमाग वर. दार उघडलं तर खोली गारगार, वाळ्याचा वास दरवळलेला. मॅडम म्हणाल्या, "अगंबाई, किती बरं वाटतंय इथं!" मला धन्य वाटलं.

कॉम्प्युटरचा पडदा काळा होता. मशीन बंद.

भाऊंनी आधी गच्चीत जाऊन रेडिएटरला उलटा हात लावला. मग आत आले, गुडघ्यावर बसले, स्क्रू काढले, प्लेट उचलली. तिच्याखाली पाणी होतं. चिपेच्या भोवती, हिरव्या पट्टीवर, सगळीकडे बारीक थेंब. त्यांनी ते थेंब पाहिले. मग कूलरकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मी ट्रे धरून उभी होते, हसतमुख.

मॅडमनीही बहुतेक पाहिलं. म्हणाल्या, "भाऊ, हा कूलर कोणी..."

"मीच सांगतलं होतं ताईले," भाऊ म्हणाले. "तुमाले त्रास नको म्हणून."

मी मनात म्हटलं, हे कधी सांगितलं यांनी? पण मला वाटलं, न विचारता कूलर वर नेला म्हणून पाहुण्यांपुढे माझा मान ठेवतात. मी ट्रे पुढे केला. मॅडमनी पन्हं घेतलं, छान झालंय म्हणाल्या, आणि निघताना म्हणाल्या, "बघू, भाऊ." आपल्याकडे बघू म्हणजे काय ते लहान लेकरालाही कळतं.

संध्याकाळी भाऊ ग्लास परत द्यायला खाली आले. मी विचारलं, "काय झालं हो तिले?"

"प्लेट कच्ची निघाली, ताई."

"मंग दुसरी आणा."

"पाहू."

त्यानंतर कितीतरी दिवस जिन्याच्या भिंतीवर आकडा चढला नाही. चहाला बोलावलं तर यायचे, पण फ्रिजच्या मागे हात घालत नव्हते. मला तेच जास्त लागलं. मी मुद्दाम फ्रिज भिंतीला चिकटवून ठेवला, निदान रागावतील म्हणून. चहा पिऊन निघून गेले.

पाऊस लागला तेव्हा भाऊंनी एक दोनशे पानी वही आणली आणि लिहायला बसले. पुरा पावसाळा लिहीत होते. एक दिवस मला वाचून दाखवलं. पहिलंच वाक्य असं की, जादा वेगानं चालणारा प्रोसेसर थंड ठेवण्यासाठी ही प्लेट आपल्या भागात व्यवहारात उपयोगी नाही, त्याची कारणे.

"असं काहून लिहिता?" मी म्हटलं. "तुमचंच काम अन् तुमीच नाव ठेवता?"

"नाई जमलं, हेही कोणी नीट लिहून ठेवलं पाह्यजे. नाहीतर पुढचा माणूस पुन्हा तेवढीच वर्षं घालवते." मग कारणं वाचली. "पहिलं, प्लेट गरमी मारत नाई. इकडची उचलून तिकडं टाकते, अन् वरून स्वतःची टाकते. चिपेची जेवढी काढाची, त्याच्या दुप्पट बाहेर फेकावी लागते. दुसरं, एवढी वीज लागते का त्यापेक्षा मोठा पंखा अन् साधा ठोकळा बरा. चौथं..."

"तिसरं?"

"ते किचकट हाये," म्हणाले, आणि पान उलटलं.

वही त्यांनी मॅडमना नेऊन दिली. मी समजले, विषय संपला. दिवाळी गेली, संक्रांत गेली. होळी जवळ आली, तसे घरोघरी कूलर बाहेर निघाले, कुणी रंग देतंय, कुणी पट्ट्या बदलतंय. मीही माझा घासत बसले होते. भाऊ जिना उतरून आले. पांढरा शर्ट.

"ताई, परवा कॉलेजात प्रॅक्टिकल हाये. मॅडमनं वही वाचली. म्हणाल्या, हे मुलांना दाखवा." त्यांनी कूलरकडे बोट दाखवलं. "तुमचा कूलर पाह्यजे. अन् तुमीही."

मला वाटलं, मुलांना गरम होत असेल.

ऑटोत कूलर घालून आम्ही गेलो. प्रयोगशाळेत लांब टेबल, तीसेक मुलं-मुली. टेबलाच्या दोन टोकांना दोन प्लेटा मांडलेल्या, सारख्याच. भाऊंनी एका टोकापाशी माझा कूलर ठेवायला लावला, मला शेजारी स्टूल दिला. मग सवयीनं डाव्या कोपऱ्याला जाऊन उभे राहिले. मॅडम आपली खुर्ची उचलून मुलांमध्ये जाऊन बसल्या. समोरची जागा रिकामी. भाऊ थोडा वेळ त्या जागेकडे बघत राहिले. मग तीन पावलं चालले.

दोन्ही प्लेटा सुरू झाल्या, कूलर सुरू झाला. पलीकडची प्लेट कोरडी ठक्क. माझ्याजवळची बघता बघता धुरकट झाली, मग घाम फुटल्यासारखे थेंब, मग थेंब एकमेकांना मिळून टेबलावर ओघळले.

कोलाम आदिवासींच्या पोडावरून, म्हणजे त्यांच्या वस्तीवरून, येणारी एक मुलगी पुढच्या बाकावर होती. तिनं हात वर केला. "सर, पाणी तर कोणी टाकलंच नाही. हे कुठून आलं?"

भाऊंनी मागे वळून पाहिलं. कोणते सर आले म्हणून. मागे फक्त फळा होता.

"हवेतून," ते म्हणाले. "आपल्या उन्हाळ्याची हवा कोरडी. तिच्यात प्लेट कितीही गार करा, थेंब येत नाई. कूलर हवेत पाणी टाकते. ते पाणी सगळ्यात गार जागा शोधते. ही प्लेट चिपेवर असती तर खालची पट्टी भिजली असती अन् मशीन मेली असती. मे महिन्यात पांढरकवड्यात दव पडते हे माह्या डोक्यातच नव्हतं. वहीत हे तिसरं कारण हाये."

स्टुलावर बसल्या बसल्या मी माझ्या कूलरकडे पाहिलं. वाळ्याचा वास येत होता. तोच वास.

"अन् हा प्रयोग मी नाई केला," भाऊ पुढे म्हणाले. "पहिल्यांदा केला तो ह्या ताईंनी. माह्या घरी. मले सुचलाच नसता."

तीस पोरं माझ्याकडे वळून बघायला लागली. मी पदर तोंडाला लावला. त्यांना वाटलं लाजते आहे.

परत येताना ऑटोत आमच्या दोघांच्या मधे कूलर होता. मी त्याच्या आडूनच बोलले. "भाऊ, मीच बिघडवलं ना ते? मे महिन्यात?"

"पाण्यानं बिघडवलं. तुमी तं पन्हं केलतं."

"मले काहून नाई सांगतलं तवा?"

हायवे ओलांडून ऑटो आमच्या गल्लीला लागला तेव्हा म्हणाले, "सांगतलं असतं तर तुमी पुन्हा कोणाच्या घरी कूलर चढवला असता का?"

घरी आल्यावर आधी माझ्या स्वयंपाकघरात गेले, भिंतीला चिकटलेला फ्रिज वीतभर पुढे ओढला आणि मला रागावले. इतकं बरं वाटलं मला ते रागावणं.

पुढे तीन वर्षं दर होळीला भाऊ ते प्रॅक्टिकल घेत होते. माझा कूलर जायचा, मीही जायची. दुसऱ्या वर्षी मुलांनी विचारलं तर थोडं मीच सांगितलं. मागच्या हिवाळ्यात भाऊ गेले, झोपेतच, कुणाला काही त्रास न देता. मॅडम आल्या होत्या. त्या म्हणाल्या, प्रयोग चालू ठेवणार, कॉलेजनं आता स्वतःचा कूलर घेतला आहे. मी म्हटलं, नवा कशाला, माझा आहे ना. त्या म्हणाल्या, मग तुम्हीच घेऊन या.

जिन्याच्या भिंतीवरचे आकडे आहेत तसे आहेत. शेवटचा आकडा त्यांच्या हातचा, त्याच्यापुढे मी काही लिहिलं नाही.

थर्माकोलचा डबा अजून चालतो. बॅटरी दोनदा बदलली, प्लेट तीच. सकाळी उठले की चहाच्या आधी मी त्याच्या मागे उलटा हात लावते. गरम लागतं.

मग पुढून झाकण उघडते आणि औषध घेते.